आप्पांचा हातगुण आणि हिरवा उजेड

पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं पद 'तंत्रज्ञ' असं छापलेलं होतं, पण पगाराच्या चिठ्ठीवर काय, बरंच काही छापलेलं असतं. भौतिकशास्त्र विभागात सगळे त्यांना भट्टीवाले आप्पा म्हणत आणि त्यांच्या हाताला गुण आहे असं मानत. तीन मजले भरून शास्त्रज्ञ बसलेले, पुराव्याशिवाय कुणी 'आज उकडतंय' असंही म्हणणार नाही, अशी ती इमारत. तरी नवं यंत्र आलं की पहिलं बटण दाबायला बोलावणं आप्पांना. कार्यालयातल्या कारकुनाने तर नव्या छपाईयंत्राचं पहिलं पान त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. ते कोरं निघालं, पण कारकून म्हणाला, "अडकलं तर नाही ना? हाच गुण."

हा लौकिक आला कुठून, तर एका हिरव्या उजेडातून.

आप्पांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आप्पांनीही दुकानात बसून पाहिलं. त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ चालायचं, नाही असं नाही, पण दुरुस्ती झाल्यावर टेबलावर दोन-तीन स्क्रू शिल्लक राहायचे. वडील ते स्क्रू एका डबीत टाकत. डबी भरली तेव्हा त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितलं, "बाबा रे, तू कुठेतरी नोकरी धर." दुकान बंद होताना आप्पांच्या वाट्याला एकच वस्तू आली, वडिलांचा पितळी चिमटा. लोखंडी चिमट्याला चुंबकत्व येतं आणि ते घड्याळाच्या स्प्रिंगला मानवत नाही, म्हणून घड्याळजी पितळी वापरतात. तो चिमटा शर्टाच्या खिशात घालून आप्पा विभागात रुजू झाले.

तेव्हा मोठे सर अजून मोठे नव्हते, नुसतेच सर होते. ते झिंक सल्फाइड नावाच्या पांढऱ्या चूर्णाच्या मागे लागले होते. हा एक अर्धवाहक पदार्थ. म्हणजे वीज धड वाहून नेत नाही आणि धड अडवूनही धरत नाही. सरकारी कचेरीत फाईल कशी पुढे सरकत नाही, परतही मिळत नाही, पण योग्य माणूस मधे पडला की सुसाट सुटते, तसा त्याचा कारभार. अशा पदार्थावर न दिसणारा अतिनील प्रकाश टाकला तर तो आपला स्वतःचा, दिसणारा उजेड देतो. सरांना त्या उजेडाचा अभ्यास करायचा होता. आप्पांचं काम सोपं होतं. चूर्ण धुवायचं, ओल्या लगद्यातल्या गुठळ्या क्वार्ट्झच्या कांडीने फोडायच्या, तो होडीसारख्या लांबट वाटीत भरायचा आणि चार तास भट्टीत भाजायचा.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी तीन कांड्या मोडल्या. क्वार्ट्झ ही परदेशातून मागवायची काच, आणि सरांनी तीनही वेळा सगळ्या विभागासमोर त्यांची बिनपाण्याने केली. चौथ्या कांडीला हात लावायची आप्पांची छातीच होईना. भट्टीच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'धातूची वस्तू आत आणू नये.' आप्पांनी पाटी वाचली, दाराला आतून कडी घातली आणि खिशातला चिमटा काढला. गुठळ्या झकास फुटल्या. कांडी शाबूत राहिली.

त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सरांनी अतिनील दिवा लावला आणि होडीतलं चूर्ण हिरवंगार उजळलं. जगातल्या बाकी प्रयोगशाळांत तेच चूर्ण निळं उजळायचं. सरांना आनंद इतका झाला की त्यांनी आप्पांना चहा पाजला, आणि सरांचा चहा हा त्या हिरव्या उजेडाहून दुर्मीळ होता. पुढे सरांनी लेख लिहिला: अत्यंत शुद्ध स्फटिकाचा स्वतःचा खरा उजेड हिरवाच असतो, निळा दिसतो तो अशुद्ध मालाचा. लेखाने सर मोठे सर झाले. परदेशातून पत्रं आली की आम्हाला हिरवा काही मिळत नाही, तर सर उलट टपाली कळवत, की आधी आपली भांडी नीट घासा. चार विद्यार्थी त्या हिरव्या चूर्णावर डॉक्टर झाले. चौघांनाही चूर्ण आप्पांच्या हातचं. कुणी स्वतः करून पाहिलं तर निळं निघे. मग विभागाने निष्कर्ष काढला, आप्पांच्या हाताला गुण आहे. ते कडी लावून आत काहीतरी पुटपुटतात असंही एकाने पसरवलं. आप्पा पुटपुटत खरे, पण ते सरांना घातलेल्या शिव्या असत.

असं बरीच वर्षं चाललं. आणि खरं सांगायचं तर आप्पांनाही ते पटलं होतं. ज्याचे स्क्रू उरायचे त्याच्या हातात गुण असल्याचं डॉक्टर लोक सांगतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? घरी बायको कपडे शिवायची, ती तेवढी बधली नव्हती. आप्पा शिलाईमशीनच्या आसपास फिरकले की म्हणायची, "अहो, तो गुण प्रयोगशाळेतच ठेवून येत चला. मला ही मशीन उद्याही लागणार आहे."

मग पाचवी विद्यार्थिनी आली. तिला सगळे प्रश्नबाई म्हणत, कारण ती 'नमस्कार' सुद्धा प्रश्नचिन्ह लावून करायची. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ती चूर्ण स्वतः करणार. "दुसऱ्याने केलेल्या मालावर मी डॉक्टर कशी होऊ, आप्पा?"

"आधीचे चौघे झाले की."

"त्यांना झोप येते का?"

"दोघांना तर व्याख्यान देतानाही येते," आप्पा म्हणाले आणि त्यांना ही पोरगी आवडून गेली.

भट्टी चार तास चाले आणि तिच्याजवळून हलता येत नसे, म्हणून दोघं बाकावर बसून चहा पीत. प्रश्नबाई त्यांना तिच्या शास्त्राचा इतिहास सांगे. दीडशे वर्षांपूर्वी समुद्राखालून टाकलेली तारसंदेशांची तार तपासताना सेलेनियमच्या कांड्या वापरत होते, आणि त्या नीट वागेनात. उजेड पडला की वीज सहज जाऊ देत, झाकल्या की अडवून धरत. लोक कांड्यांना दोष देत होते, दोष उजेडाचा होता.

"उजेडात एक आणि आडोशाला एक," आप्पा म्हणाले. "आपल्या सरांसारखंच."

पुढे एकाने धार लावायच्या दगडात असतो तसल्या खड्याला सुई टेकवून वीज सोडली, तर खडा पिवळसर चमकला. त्याने तेवढं दोन ओळींत छापलं आणि आपल्या कामाला लागला. आज घराघरात जे एलईडी दिवे आहेत त्यांचा तो पणजोबा, पण तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणखी काही वर्षांनी सिलिकॉनची एक तडा गेलेली कांडी टाकून द्यायची म्हणून बाजूला ठेवलेली, तिच्यावर दिव्याचा उजेड पडला तर तिच्यातून वीज निघाली. तड्यापाशी दोन वेगळ्या जातींची अशुद्धी एकमेकींना भेटत होती. छपरांवरच्या सौरपट्ट्या, कॅमेरे, खिशातले फोन, सगळ्यांत पुढे तीच करामत आली. "आता तर इतके बारीक कण करतात की पदार्थ तोच, नुसता आकार बदलला की रंग बदलतो," प्रश्नबाई डोळे मोठे करून सांगे. "पण मूळ गंमत कळली का, आप्पा? शुद्ध अर्धवाहक मख्ख असतो. त्यात लाखात दोन-चार कण परके घुसले की तो कामाला लागतो."

"म्हणजे तुमचं सगळं शास्त्र घाणीवर उभं आहे."

"मोजलेल्या घाणीवर."

आप्पा हसले. त्यांना यात स्वतःशी संबंध असलेलं काही दिसलं नाही.

पाच वर्षं प्रश्नबाई आप्पांच्या पावलावर पाऊल ठेवून चालली. तेच पाणी, तेवढंच चूर्ण, तोच ताप. गुठळ्या मात्र पुस्तकात लिहिलंय तशा कांडीने फोडायची, कारण चिमट्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उजेड निळा. दर वेळी निळा. मोठ्या सरांनी तिला एकदा खोलीबाहेर काढलं, मग दुसऱ्यांदा काढलं, आणि शेवटी सांगितलं, "शुक्रवारपर्यंत तुझ्या हातून हिरवा उजेड आला तर ठीक. नाहीतर प्रबंध बंद. हाताला शिस्तच नाही तर प्रयोगशाळेत काय काम?" पाच वर्षं तिने या कामात घातली होती. गावाकडे धाकटे दोन भाऊ शिकत होते आणि घरचे सगळे तिच्या डॉक्टर होण्याकडे डोळे लावून बसले होते.

सोमवारी ती आप्पांकडे आली. एरवी कशावर विश्वास न ठेवणारी मुलगी, पण बुडत्याला काडीचा आधार. "आप्पा, सगळं तुम्ही तुमच्या हातांनी करा. मी नुसती शेजारी उभी राहते. कुठे चुकते ते बघते."

आता ती शेजारी उभी आणि भिंतीवर ती लाल पाटी. चिमटा काढायचा कसा? आप्पांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा कांडी हातात धरली आणि जीव मुठीत घेऊन गुठळ्या फोडल्या. चार तासांनी दोघं अंधाऱ्या खोलीत गेले. दिवा लावला.

निळा.

प्रश्नबाईने होडी दिव्याखाली फिरवून पाहिली. मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं. मी शेजारी उभी राहिले म्हणून तुमचाही गुण गेला." आणि पाच वर्षं पुराव्याशिवाय हूं की चूं न केलेली ती मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

आप्पा घरी आले ते खिडकीपाशी बसले. अजून संध्याकाळचं ऊन होतं. त्यांनी चिमटा काढून उजेडात धरला. टोकं काळी पडली होती. दाबून पाहिला तर टोकं एकमेकांना भेटेनात. एक पाय दुसऱ्याहून चांगला तांदळाभर आखूड झाला होता. वडिलांची एक शिकवण आप्पांच्या डोक्यात पक्की बसली होती: झिजलेलं नाहीसं होत नाही, ते घड्याळातच कुठेतरी पडलेलं असतं, शोध. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बावीस वर्षांत तांदळाभर पितळ गेलं कुठे?

बायको मशीनवरून म्हणाली, "चहा गार होतोय. काय झालं?"

त्यांनी सांगितलं. सगळं, कडीसकट. तिने ऐकून घेतलं आणि दोरा दातांनी तोडला. "म्हणजे गुण चिमट्याचा."

"गुण कसला, घाण आहे ती."

"मग सांगा की उद्या त्या पोरीला."

"सांगितल्यावर माझं काय उरेल?"

"निवृत्तिवेतन," बायको म्हणाली.

पण आप्पा मंगळवारी बोलले नाहीत. बुधवारीही नाही. चार महिन्यांनी त्यांची निवृत्ती होती, निरोपाच्या भाषणाची तयारी कारकून आत्तापासून करत होता, आणि त्यात 'हातगुण' हा शब्द सात वेळा आला होता. आप्पांनी मोजला होता. गुरुवारी सकाळी ते जिन्यावरून येत होते तेव्हा प्रश्नबाई तिच्या टेबलाचा खण रिकामा करताना दिसली. पुस्तकं पिशवीत भरली होती, कपही पुसून ठेवला होता. आप्पांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते दारातच थांबले.

"ती पिशवी खाली ठेव," ते म्हणाले आणि चिमटा तिच्या टेबलावर ठेवला. "मी बावीस वर्षं खोटं वागलोय. आणि सोमवारपासून तर कळूनसवरून. आता मला काय बोलायचं ते बोल."

तिने ऐकलं. चिमटा उलटसुलट करून पाहिला. बोलणी खायला आप्पा मान खाली घालून उभे होते, पण तिने एकदम टाळी वाजवली. "आप्पा, तांबं! तांबं हिरवा देतं! पण हे तर जुन्या पुस्तकांत आहे! मग चौघा डॉक्टरांना कसं नाही सुचलं?"

"त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात काय आहे ते कुणी पाहिलं नाही."

शुक्रवारी मोठे सर आले तेव्हा अंधाऱ्या खोलीत चार होड्या मांडलेल्या होत्या. प्रश्नबाईने चिठ्ठ्या होड्यांच्या खाली उलट्या ठेवल्या होत्या. तिने दिवा लावला. दोन निळ्या, दोन हिरव्या. सरांचा चेहरा त्या उजेडात खुलला.

"यातली आप्पांची कुठली, ओळखाल का सर?" तिने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" सरांनी तिसऱ्या होडीवर बोट ठेवलं. "ही. शुद्धता बघ. याला म्हणतात हात."

प्रश्नबाईने चिठ्ठ्या उलटल्या. पहिली होडी, निळी: आप्पांचा हात, क्वार्ट्झची कांडी. दुसरी, निळी: तिचा हात, कांडी. तिसरी, सरांनी नावाजलेली: तिचा हात, आप्पांचा चिमटा. चौथी, हिरवी: तिचा हात, कांडी आणि मोरचुदाच्या पातळ पाण्याचा एक थेंब. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ.

सरांनी चारही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग आप्पांकडे पाहिलं. "पाटी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली, सर. तुमची भीती पाटीपेक्षा मोठी होती."

सर तरातरा निघून गेले. पण प्रबंध बंद करता येईना, कारण आता तो प्रबंध खरा होता. प्रश्नबाईने किती तांब्याला किती हिरवा उजेड ते थेंबाथेंबाने मोजलं आणि सहा महिन्यांत लिहून काढलं. आप्पांचा हातगुण विभागातून एका आठवड्यात गेला. कारकुनाने भाषणातले सातही शब्द खोडले आणि त्यांच्या जागी 'प्रामाणिकपणा' घातला, तर आप्पांनी तोही खोडायला लावला. नवं यंत्र आलं तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. त्याचं वाईट वाटलं, हे ते बायकोपाशीसुद्धा कबूल करत नसत, पण वाटलं.

प्रश्नबाईच्या तोंडी परीक्षेपर्यंत आप्पा निवृत्त झाले होते. तरीही ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सवयीने पाण्याची सुरई घेऊन उभे राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयाने मोठ्या, आवाजाने बारीक आणि नजरेने सुईसारख्या होत्या. त्यांनी पान उघडलं. "इथे लिहिलंय, तांब्याचा स्रोत तंत्रज्ञाचा चिमटा, नियमाविरुद्ध वापरलेला. हे कुणाच्या लक्षात आलं?"

प्रश्नबाई तोंड उघडणार एवढ्यात मोठे सर खुर्चीत पुढे सरकले. "आम्हाला बऱ्याच वर्षांपासून शंका होतीच."

"नव्हती, सर," आप्पा म्हणाले.

आप्पांचं तोंड एकदा सुटलं ते आता थांबेना. "शंका असती तर तुम्ही या पोरीला दोनदा खोलीबाहेर काढलं नसतं. आणि बाई, माझ्या लक्षात आलं ते सोमवारी. मी तोंड उघडलं गुरुवारी. ती खण रिकामा करत होती तेव्हा. ते मधले दिवस प्रबंधात लिहायचे राहिलेत."

"का थांबलात?" बाईंनी विचारलं.

आप्पांनी सुरई दोन्ही हातांनी धरली. "माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, बाई. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे. ती दिली की मी पुन्हा स्क्रू उरवणारा."

प्रश्नबाईने मान वळवली आणि डोळे पुसले. बाईंनी मात्र डोळे पुसले नाहीत. त्यांनी सहीच्या कागदावर सही केली, तो प्रश्नबाईकडे सरकवला, म्हणाल्या, "अभिनंदन, डॉक्टर." मग पेनाचं टोपण न लावताच त्या मोठ्या सरांकडे वळल्या.

"यांच्याकडे एकच गोष्ट होती, ती त्यांनी दिली. त्यांना तीन दिवस लागले. तुमचा तो बावीस वर्षांपूर्वीचा लेख अजून जगभर वाचला जातोय, सर. तुम्हाला किती दिवस लागतील?"

मोठ्या सरांनी समोरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी एका दमात संपवलं. ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलला, तो रिकामा होता. "मागे घेतो," ते इतक्या हळू म्हणाले की परीक्षक बाईंना कानाशी हात न्यावा लागला.

"जरा मोठ्याने, सर. लिहून घ्यायचंय."

"मागे घेतो म्हटलं."

आप्पा पुढे झाले आणि त्यांनी सरांचा ग्लास भरला.